आकाशलहरींतील कचरा कोण उचलणार?

मे २०२१ च्या मध्यास ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला खेटून उत्तरेकडे सरकले, तेव्हा मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा ह्या पट्ट्यातील रहिवाशांना एका जुन्याच सत्याचा नव्याने प्रत्यय आला. माड आणि आंब्याची झाडे तारांवर कोसळली, विजेचे खांब आडवे झाले. आणि वीज गेल्यापाठोपाठ भ्रमणध्वनीचे मनोरेही मुके होत गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धनच्या परिसराची हीच गत केली होती. आणि नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ची आठवण तर कोकणातील मच्छीमार कुटुंबांच्या मनांतून अद्याप गेलेली नाही. वादळात घरांची छपरे उडतात हे सर्वांना दिसते. परंतु त्याच वेळी माणसामाणसांतील संभाषणाचे छप्परही उडून जाते, आणि ते पुन्हा शाकारावयास कौले शाकारण्याहून अधिक दिवस लागतात, ह्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

अशा प्रसंगी ज्याच्याकडे आशेने पाहावे असा एक लहानसा वर्ग देशात आहे. दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेले हे हौशी बिनतारी संदेशक. लोक त्यांना ‘हॅम’ म्हणून ओळखतात. एक प्रेषक-ग्राहक यंत्र, मोटारीची एक बॅटरी आणि दोन माडांमध्ये ताणलेली तार, एवढ्या सामग्रीवर हा मनुष्य शेकडो मैलांवरील दुसऱ्या माणसाशी बोलू शकतो. त्याला ना मनोरा लागतो, ना कोणा कंपनीची केबल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला, तेव्हा असे संदेशक मदतीस धावले होते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने अंदमानला तडाखा दिला त्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे योगायोगाने हौशी संदेशकांचे एक पथक मुक्कामास होते, आणि बेटांवरील माणसांची खबर मुख्य भूमीवरील नातलगांपर्यंत पोचविण्याचे काम त्या पथकाने केले. छंद म्हणून जोपासलेली विद्या लोकांच्या कामी कशी येते ह्याचा ह्याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

परंतु ह्या विद्येच्या मुळाशी एक अट आहे, आणि ती अट अलीकडे दिवसेंदिवस दुर्लभ होत चालली आहे. ती अट म्हणजे शांतता. हाक कितीही आर्त असली तरी ऐकणाऱ्याच्या कानाशी ढोल वाजत असेल तर ती व्यर्थ जाते. आकाशलहरींच्या जगात आज असाच ढोल घरोघर वाजू लागला आहे. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की, तो वाजविणाऱ्यांत खुद्द संदेशकाच्या टेबलावरील संगणकाचा क्रमांक बहुधा पहिला लागतो.

ज्याने ऐकायचे तोच गोंगाट करतो

हा विरोधाभास समजून घेण्यासाठी हौशी बिनतारीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेला पालट ध्यानात घ्यावा लागेल. पूर्वी हा संदेशक मोर्सच्या कळीवर कडकट्ट करीत असे किंवा ध्वनिक्षेपकात बोलत असे. आता त्याच्या जोडीला संगणक आला आहे. १९९८ च्या सुमारास ब्रिटनमधील पीटर मार्टिनेझ ह्यांनी ‘पीएसके३१’ ही पद्धत प्रचारात आणली. टंकलिखित मजकूर अतिशय अरुंद पट्ट्यातून धाडण्याची सोय तिने केली. २०१७ मध्ये जोसेफ टेलर आणि स्टीव्हन फ्रँके ह्यांनी ‘एफटी८’ ही पद्धत सिद्ध केली. ह्यांपैकी टेलर हे १९९३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळविलेले खगोलशास्त्रज्ञ. दूरच्या ताऱ्यांचे क्षीण संकेत गोंगाटातून वेचून काढण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या माणसाच्या प्रज्ञेचे फळ आज मालवणच्या एखाद्या पडवीत बसलेल्या विद्यार्थ्याला विनामूल्य उपलब्ध आहे, ही विज्ञानाच्या लोकशाहीची सुंदर खूण होय.

‘एफटी८’चा संकेत अवघ्या ५० हर्ट्झ रुंदीचा असतो, आणि एक फेरी १५ सेकंदांची. ग्राहक यंत्राच्या नेहमीच्या २५०० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात मोजलेल्या गोंगाटाहून २० डेसिबलने, म्हणजे शंभरपट, दुबळा असलेला संकेतही संगणक त्यातून वाचू शकतो. मनुष्याच्या कानाला जेथे केवळ खरखर ऐकू येते तेथे यंत्राला नाव, गाव आणि संदेश दिसतो. अल्प शक्तीवर, बॅटरीवर चालणाऱ्या केंद्रासाठी हे वरदानच म्हणावयाचे.

तथापि वरदानाबरोबर शापही आला. संगणकाच्या पोटातील प्रत्येक काम एका घड्याळाच्या ठोक्यावर चालते. हे ठोके काटकोनी असतात. ते क्षणात चढतात आणि क्षणात उतरतात. जी विद्युत्-लहर अशी तीक्ष्ण कडांची असते तिच्यात मूळ कंप्रतेबरोबर तिच्या दुपटी-तिपटीपासून शेकडो पटींपर्यंतच्या कंप्रता दडलेल्या असतात, हे भौतिकीचे साधे तत्त्व आहे. संगणकाला, पडद्याला आणि भ्रमणध्वनीला वीज पुरविणारे आजचे हलके चार्जरही ह्याच पद्धतीने चालतात. उदाहरणादाखल, ६५ किलोहर्ट्झ वेगाने उघडझाप करणारा एक चार्जर घ्यावा. त्याच्या पटींपैकी १०८ वी ७०२० किलोहर्ट्झवर, १०९ वी ७०८५ वर आणि ११० वी ७१५० वर पडते. म्हणजे ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ ह्या, हौशी संदेशकांच्या नित्य वापरातील चिमुकल्या पट्ट्यात एकटा चार्जर तीन ठिकाणी ठाण मांडून बसतो. त्यातही चार्जरचा वेग घड्याळासारखा पक्का नसतो. भार आणि उष्णता बदलली की तो डळमळतो. त्यामुळे ही ठाणी एका जागी न राहता अस्ताव्यस्त पसरतात, आणि नेमका अरुंद, दुबळा संकेत त्यांच्याखाली गाडला जातो. ज्या यंत्रावर राखणीचे काम सोपविले तेच उपद्रव करू लागले. कुंपणाने शेत खावे, त्यातला हा प्रकार.

हा कचरा यंत्राबाहेर पडतो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. संगणकाची पेटी स्वतः लहान असल्याने लघुलहरींच्या मानाने तिच्यातून थेट होणारा उत्सर्ग थोडा असतो. खरी फितुरी होते ती केबलींकडून. विजेची वायर, यूएसबीची केबल, पडद्याची केबल, इंटरनेटची केबल, अशा पाच-सात शेपट्या पेटीतून बाहेर लोंबत असतात, आणि त्यांतील प्रत्येक शेपटी ही नकळत बांधलेली एक एरियल असते. केबलीतील दोन तारांमधून जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकमेकांना छेद देतो. त्यापासून उपद्रव थोडा. परंतु सर्व तारांवरून एकाच दिशेने वाहणारा जो चोरटा प्रवाह असतो, ज्याला तंत्रज्ञ ‘कॉमन मोड’ प्रवाह म्हणतात, तो मोकाट सुटतो आणि घरभर पसरतो.

आधी आपले अंगण

ह्यावर उपाय नाहीत असे नाही. उलट ते बहुतेक स्वस्त आहेत. महाग आहे तो धीर. पहिले काम चोर ओळखण्याचे. ग्राहक यंत्र बॅटरीवर लावावे, घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि खरखर किती उरते ते पाहावे. मग एकेक मंडल, एकेक उपकरण चालू करीत जावे. कोणत्या क्षणी खरखर वाढली ते टिपून ठेवावे. एखादा जुना खिशातला रेडिओ मध्यमलहरींवर लावून घरभर फिरविला तरी कोणता चार्जर, कोणता दिवा, कोणता इन्व्हर्टर आरडाओरडा करीत आहे ते कळते. सायंकाळभर चालणारी ही शोधमोहीम संपते तेव्हा घरमालकाला बहुधा एक नव्हे, पाच-सहा गुन्हेगार सापडलेले असतात.

दुसरे काम केबली आवरण्याचे. ह्यासाठी फेराइट नावाच्या चुंबकीय द्रव्याची कडी वापरतात. पण येथे अर्धवट ज्ञानाने फसगत होते. बाजारात मिळणारी चिमट्यासारखी फेराइटची गोळी केबलीवर एकदा अडकविली की काम झाले, असा समज असतो. ती गोळी वरच्या कंप्रतांवर उपयोगी पडते. ७ मेगाहर्ट्झवर तिचा प्रभाव नगण्य असतो. तेथे मोठ्या कड्यातून केबलीचे आठ-दहा फेरे घ्यावे लागतात. फेऱ्यांची संख्या दुप्पट केली की अटकाव साधारणतः चौपट होतो, हे गणित ध्यानात ठेवले तर दहा गोळ्यांचा खर्च वाचतो आणि काम एका कड्यात होते. असेच एक कडे एरियलपासून येणाऱ्या कोअॅक्सियल केबलीवर घालावे. कारण घरातील कचरा ह्या केबलीच्या बाहेरील आवरणावरून वर चढून एरियलपर्यंत पोचतो.

तिसरे, संगणक आणि बिनतारी यंत्र ह्यांच्यामधील ध्वनीची वाट विलग करावी. दोहोंमध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर घातला की दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह तुटतो, आणि त्याबरोबर गुणगुणही. ह्याचा दुसराही लाभ आहे. उपद्रव एकतर्फी नसतो. प्रेषण चालू होताच त्या शक्तीने संगणक गोठल्याच्या, उंदराचा बाण पडद्यावर थिजल्याच्या तक्रारी संदेशकांच्या नित्याच्या आहेत. चौथे, गोंगाटी चार्जर बदलावा. शक्यतो लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर किंवा केंद्र जड, जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरच्या वीजपुरवठ्यावर चालवावे. आणि पाचवे, जे कोकणातील माणसाला शहरातील माणसापेक्षा कितीतरी सुलभ आहे: एरियल घरापासून दूर न्यावे. ७ मेगाहर्ट्झची अर्धलहरी तार जेमतेम २० मीटर लांब असते. मुंबईच्या सदनिकेत ती खिडकीच्या गजांवर गुंडाळावी लागते. मालवणच्या परड्यात दोन माड तिला हसतखेळत तोलतात. घराच्या वायरिंगपासून वीस-पंचवीस मीटरांचे अंतर मिळाले की निम्म्याहून अधिक लढाई जिंकल्यासारखे होते.

कोकणच्या भूमीने आणि हवेने मात्र काही अडचणीही पदरात टाकल्या आहेत. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावापुरते उरते. शिवाय अर्थिंग केले की गोंगाट जाईल हा समजच मुळात चुकीचा आहे. विजेच्या धक्क्यापासून आणि आकाशातील विजेपासून रक्षणासाठी ते हवेच. परंतु माडीवरील टेबलापासून खड्ड्यापर्यंत गेलेली दहा मीटरांची तार ७ मेगाहर्ट्झच्या दृष्टीने पाव लहरीची, म्हणजे स्वतःच एक एरियल असते. सर्व यंत्रे एका तांब्याच्या पट्टीवर आखूड जोडांनी बांधणे हे अधिक शहाणपणाचे. दुसरी अडचण खाऱ्या वाऱ्याची. मिठाने गंजलेला सांधा हा केवळ सैल सांधा नसतो. तो प्रवाहाला एका दिशेने अधिक वाट देतो आणि त्यातून नव्या, अनाहूत कंप्रता जन्मतात. विजेच्या खांबांवरील चिनी मातीच्या विलगकांवर मिठाची पुटे चढली की दमट रात्री त्यांवर ठिणग्या तडतडतात, आणि पहिला जोरदार पाऊस ती धुऊन काढीपर्यंत आसमंतातील रेडिओ कुरकुरत राहतात. पावसाळ्यातील विजांचा कडकडाट तर निसर्गाचाच. त्याला इलाज नाही. परंतु निसर्गाचा गोंगाट अटळ आहे म्हणूनच माणसाने त्यात आपली भर घालू नये, हे अधिक खरे.

तीन आक्षेप

एवढ्या खटाटोपाची आवश्यकता काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतील. त्यांचा पहिला आक्षेप असा की, उपग्रह आले, भ्रमणध्वनी आले, इस्रोने मच्छीमारांसाठी संकटसंदेश धाडणारी यंत्रेही विकसित केली. मग मूठभर हौशी मंडळींच्या लघुलहरी कशाला हव्यात? ह्या यंत्रांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी माणसे वाचतात. परंतु ती सारी मध्यस्थावर अवलंबून आहेत. कोठेतरी मनोरा, कोठेतरी भूकेंद्र, कोठेतरी सर्व्हर चालू असावा लागतो. लघुलहरींचा मध्यस्थ म्हणजे पृथ्वीभोवतीचा आयनांबर. तो कोणाच्या मालकीचा नाही आणि वादळाने कोसळत नाही. दुसऱ्या सर्व वाटा खुल्या असताना ही पायवाट गवताने भरून गेली तरी चालते. पण पूल वाहून गेल्यावर तीच पायवाट शोधावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. वादळात वीजच जाणार, मग चार्जर आणि संगणक आपोआपच गप्प होतील. म्हणजे गोंगाटाचा प्रश्न त्या दिवशी सुटलेलाच असेल, असा तो आहे. ह्यात तथ्यांश आहे. वीज गेलेल्या गावात लघुलहरी खरोखरच निवांत होतात. परंतु संदेशाला दोन टोके असतात. मालवणच्या अंधारातून बॅटरीवर निघालेली हाक ज्याने ऐकावयाची तो पुण्यात किंवा मुंबईत उजेडात बसलेला असतो, आणि त्याच्या भोवती शंभर घरांतील हजार उपकरणे गुरगुरत असतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतील मध्यम मानांवरून हिशेब केला तर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास निवासी वस्तीतील मानवनिर्मित गोंगाट अगदी निवांत ग्रामीण भागाहून सुमारे २० डेसिबलने, म्हणजे शंभरपटीने, अधिक येतो. आणि ही माने ज्या मोजमापांवर उभी आहेत ती घरोघर संगणक येण्यापूर्वीची आहेत. ऐकणाऱ्याकडील गोंगाट दहापटीने वाढला तर त्याची भरपाई करण्यासाठी बोलणाऱ्याला २० वॅटऐवजी २०० वॅट लावावे लागतील. वादळात सापडलेल्या माणसाने ते आणावयाचे कोठून? संकटातील दुबळ्याच्या हाकेची किंमत दूरवरच्या सुखवस्तू माणसाच्या निष्काळजीपणावर ठरते, हे ह्या आकड्यांचे मर्म आहे. शिवाय आपत्कालीन नियंत्रण कक्षही इन्व्हर्टर, जनित्र आणि संगणक ह्यांच्याच गराड्यात चालतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला वर्षाचे ३६० दिवस खरखरीपलीकडे काहीच ऐकू येत नाही, तो तरुण कंटाळून हा छंद सोडून देतो. मग उरलेल्या पाच दिवसांसाठी तो आणावयाचा कोठून?

तिसरा आक्षेप गरिबांच्या नावाने घेतला जातो. स्वस्त एलईडी दिव्यांनी आणि चार्जरांनी सामान्य माणसाचे वीजबिल कमी केले. मूठभर छांदिष्टांसाठी त्यांच्या किमती वाढवाव्यात काय? २०१५ पासून ‘उजाला’ योजनेखाली देशभर कोट्यवधी एलईडी दिवे वितरित झाले आणि त्यांमुळे वीज वाचली, हे निर्विवाद आहे. कोणीही कंदिलाकडे परत जाण्याचा सल्ला देत नाही. प्रश्न दिव्याचा नाही, दिव्यातून वगळलेल्या गाळणीचा आहे. निकृष्ट चार्जर उघडून पाहिला तर छापील पटावर गाळणीच्या भागांसाठी जागा सोडलेली आढळते, आणि तेथे ते भाग बसविण्याऐवजी नुसती तार जोडून काम भागविलेले दिसते. ही बचत ग्राहकाच्या पदरात किती पडते आणि उत्पादकाच्या किती, हे ज्याचे त्याने ताडावे. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडले तर माल स्वस्त होतो, म्हणून ते कोणी क्षम्य मानीत नाही. आकाशलहरी ही देखील नदीच आहे. तिचे पाणी डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

ह्या प्रश्नाला मालवणच्या दृष्टीने आणखी एक पदर आहे. एलईडी हा शब्द ह्या किनाऱ्यावर मासेमारीच्या संघर्षामुळे घरोघर पोचला. प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून ती ओरबाडण्याला पारंपरिक मच्छीमारांनी विरोध केला आणि केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीवर बंदी घातली. पण त्याच दिव्याची दुसरी बाजू फारशी कोणाला ठाऊक नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने एक सुरक्षाविषयक इशारा प्रसृत केला. नौकांवरील काही एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओची आणि नौकांची ओळख पटविणाऱ्या यंत्रणेची श्रवणशक्ती घटते, असे त्यात म्हटले होते. संकटाच्या हाकेसाठी राखलेली १६ क्रमांकाची वाहिनी ज्या रेडिओवर ऐकावयाची, त्याच्याच डोक्यावर गोंगाटी दिवा टांगलेला असेल तर शेजारच्या होडीची हाक खलाशाला ऐकू येणार नाही. तेव्हा हा प्रश्न छांदिष्टांपुरता उरत नाही. तो दर्यावर पोट भरणाऱ्या प्रत्येकाचा होतो.

नियम आणि नियत

गोंगाटाला कायद्याने आळा घालता येतो, ह्याला इतिहासाची साक्ष आहे. ह्या विषयावर मर्यादा आणि मापनपद्धती ठरविणारी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून काम करीत आहे. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत घरगुती संगणक आले आणि शेजाऱ्यांचे दूरचित्रवाणी संच बिघडू लागले. १९७९ मध्ये तेथील दळणवळण आयोगाने संगणकांच्या उत्सर्गावर बंधने घातली. टीआरएस-८० हा १९७७ चा लोकप्रिय संगणक त्या बंधनांत बसेना. १९८१ मध्ये त्याचे पहिले रूप बाजारातून मागे घ्यावे लागले, आणि नंतरचे संगणक अधिक शांत निघाले. युरोपातही १ जानेवारी १९९६ पासून विद्युत्-चुंबकीय सुसंगतीचे नियम पूर्णतः अनिवार्य झाले. उद्योग बुडाला नाही, तो सुधारला.

भारतात २०१२ च्या आदेशाने अनेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंची नोंदणी अनिवार्य झाली, ही स्वागतार्ह गोष्ट होती. परंतु तीत भर आहे तो विजेचा धक्का आणि आग ह्यांपासूनच्या सुरक्षिततेवर. दूरसंचार उपकरणांच्या अनिवार्य चाचणीत उत्सर्गाचा विचार आहे. पण घरातील गोंगाटाचा मोठा भाग दूरसंचार उपकरणांतून येतच नाही, तो दिव्यांतून, चार्जरांतून आणि इन्व्हर्टरांतून येतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या १५ व्या अनुच्छेदाने विद्युत् उपकरणांपासून रेडिओसेवांना हानिकारक उपद्रव होऊ नये म्हणून शक्य ती सर्व पावले उचलण्याची जबाबदारी प्रत्येक देशाच्या प्रशासनावर टाकली आहे. १८८५ च्या आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. त्या निमित्ताने ही जबाबदारी कागदावरून बाजारात उतरविण्याची संधी चालून आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घोषित झालेल्या योजनेनुसार देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पटले बसवावयाची आहेत. ऊर्जेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होय. परंतु छपरावरील लांबलचक तारा आणि त्यांच्या टोकाशी गाळणी नसलेला इन्व्हर्टर, हा गोंगाटाचा कारखाना ठरू शकतो. अनुदानाच्या अटींत उत्सर्गमर्यादेचे एक कलम घालणे आज सोपे आहे. एक कोटी छपरांवरून चूक दुरुस्त करणे उद्या अशक्य होईल.

शांतता जपता येते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ४५ मीटर व्यासाच्या ३० एरियलांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. गोविंद स्वरूप ह्यांनी ती जागा निवडताना तेथील रेडिओ-शांततेचा विचार केला होता, आणि त्या शांततेचे रक्षण करण्यासाठी परिसरातील उद्योगांवर बंधने आली. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची प्रस्तावित आखणी ह्या परिसरातून जात असल्याने वाद झाला, तेव्हा दुर्बिणीचे हित विचारात घेणे रेल्वेलाही भाग पडले. कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडील आकाशगंगेची कुजबूज ऐकण्यासाठी एवढी दक्षता घेतली जाते, हे भूषणावह आहे. मग दीडशे-दोनशे मैलांवरील माणसाची हाक ऐकण्यासाठी निदान चार्जर पारखून घेण्याइतकी दक्षता का असू नये?

सिंधुदुर्गाने ह्या कामी पुढाकार घ्यावा, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. जिल्हा लहान आहे, वस्ती विरळ आहे, परड्यांत जागा आहे, आणि वादळांशी गाठ ठरलेली आहे. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तेथील विद्यार्थ्यांनी दरवर्षी मेच्या आरंभी, पावसाळ्यापूर्वी, किनाऱ्यावरील काही ठरावीक ठिकाणी लघुलहरींवरील आणि व्हीएचएफवरील खरखर मोजून तिची नोंद ठेवावी. ह्यासाठी लागणारी साधने आज एका साध्या भ्रमणध्वनीच्या किमतीत येतात. ओरोसच्या जिल्हा नियंत्रण कक्षातील संगणक, जनित्रे आणि इन्व्हर्टर एकदा बारकाईने तपासून त्यांतील गोंगाटी उपकरणे वेगळी काढावीत, आणि कक्षाजवळ बिनतारीसाठी एक शांत कोपरा व एक दूरची तार कायमची राखून ठेवावी. वीज मंडळाने मिठाने माखलेल्या विलगकांची सफाई पाऊस करील ह्या भरवशावर सोडू नये. मच्छीमार सोसायट्यांनी नौकेवर नवा दिवा बसविला की तो लावून आणि विझवून रेडिओ ऐकून पाहण्याची सवय खलाशांना लावावी. ह्या चाचणीला एक पैसाही लागत नाही.

आणि हौशी संदेशकांनी स्वतःपासून आरंभ करावा. शेजाऱ्याच्या दिव्याविषयी तक्रार करण्यापूर्वी ज्याने आपल्या टेबलावरचा चार्जर बदलला आहे, त्याच्याच शब्दाला वजन येते. संगणकाचा आवाज अवाजवी चढवून आपला संकेत पट्टाभर फैलावणारे संदेशकही ह्या मंडळींत आहेतच. त्यांनी गोंगाटाविरुद्ध बोलावे हे शोभत नाही. तक्रारीपूर्वी सफाई हा क्रम पाळला, तर शासनदरबारी आणि शेजाऱ्याच्या ओटीवरही त्यांचे म्हणणे आदराने ऐकले जाईल.

जहाजांवर मोर्सचा जमाना होता तेव्हा बिनतारीच्या खोलीतील घड्याळावर दोन तांबडे पट्टे रंगविलेले असत. प्रत्येक तासाच्या १५ व्या आणि ४५ व्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटे ५०० किलोहर्ट्झवर साऱ्या जहाजांनी गप्प राहावयाचे आणि फक्त ऐकावयाचे, असा तो दंडक होता. कोणी बुडत असेल तर त्याची क्षीण हाक त्या तीन मिनिटांत कानी पडावी, हा त्यामागील हेतू. १९९९ मध्ये नवी यंत्रणा पूर्णतः अंमलात आली आणि ती घड्याळे संग्रहालयांत गेली. पण त्यामागील बुद्धी जुनी झालेली नाही. ज्या पिढीकडे आजच्या मानाने काहीच यंत्रे नव्हती, तिने दुसऱ्याची हाक ऐकण्यासाठी स्वतः गप्प राहण्याचा नियम केला आणि तो पाळला. आजच्या पिढीला तेवढे मौन नको आहे. तिने आपल्या यंत्रांना थोडे हळू बोलावयास शिकविले तरी पुरे. पुढचे वादळ कोणत्या मेमध्ये येईल ते कोणी सांगू शकत नाही. ते येईल तेव्हा देवबागच्या वाळूवरून निघालेली हाक ऐकू यावयाची असेल, तर खरखर काढण्याचे काम आकाश निरभ्र असतानाच करावे लागेल.